साळूची कपार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा धुकोळीतल्या घरांना खिडक्या ठेवायची रीतच नव्हती. खिडकी ठेवून बघायचं तरी काय? वर्षातले आठ महिने बाहेर नुसतं धुकं असायचं. दार उघडलं की ते पाळलेल्या वासरासारखं आत यायचं, चुलीपर्यंत जायचं आणि तिथे विरून जायचं.

धुकोळी म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं एक उंच पठार. त्याच्या उत्तरेला सात सुळके ओळीनं उभे आहेत. त्यांना सात जावा म्हणतात. धुकं विरळ झालं की नीट पाहावं, एकीचंही तोंड दुसरीच्या दिशेला नाही. असं म्हणतात, की सकाळचं पहिलं ऊन जिच्या माथ्यावर पडतं तिच्याशी बाकीच्या सहाजणी दिवसभर बोलत नाहीत. पठाराच्या मध्यावर रांजणखडी आहे. तिथे नदीनं खडकात रांजणाएवढे खळगे कोरले आहेत आणि पाणी त्यांतून गुडगुडत पुढे जातं. त्याच्या पलीकडे उफराटा धबधबा. दरीतून वारा एवढ्या जोरानं वर येतो, की पाणी खाली पडतच नाही, कड्यावरून उलटं आभाळात उडतं. तिथे उभं राहिलं की डोकं भिजतं आणि पाय कोरडे राहतात.

पूर्वेच्या टोकाला खारतळं आहे. त्यात मीठ पिकतं. आणि पश्चिमेच्या टोकाला खिंड आहे, तिच्या पलीकडे ते मीठ विकत घेणारी सगळी दुनिया. म्हणजे धुकोळीच्या लोकांना जेवायचं असेल, तर बैलांच्या पाठीवरचं मीठ खारतळ्यापासून खिंडीपर्यंत धुक्यातून सुखरूप पोचायला हवं.

उफराट्याच्या पुढे वाट फुटते. डावीकडे वर बोलकी कपार आहे. कड्याला पडलेली दोन पुरुष उंचीची फट, आतून घागरीसारखी पोकळ. तिला हाक घातली की ती हाक परत देते. उजवीकडे मुकी दरी आहे. ती आवाज खाते. तिच्यात धोंडा लोटला तरी तो पडल्याचं ऐकू येत नाही. बैल तिच्या काठाशी गेला की त्याची घुंगुरमाळ हलताना दिसते, पण वाजत नाही.

या मुलखात वाटाडीचं काम बायका करायच्या, कारण पुरुष सहा-सहा महिने मेंढरं घेऊन खालच्या रानात असायचे. वाटाडी तांड्याच्या पुढे चालायची, थांबून म्हशीचं शिंग फुंकायची आणि ऐकायची. ज्या बाजूनं उत्तर आलं तिकडे कपार, म्हणजे तिकडे खिंड. ते शिंग एकाच घरात होतं. ते सासूकडून सुनेकडे जायचं. लेकीकडे जात नसे, कारण लेक मोठी होऊन दुसऱ्या मुलखात जाणार.

त्या घरची वाटाडी होती जिवाई, आणि तिची थोरली सून होती साळू.

साळू सोळाव्या वर्षी त्या घरात आली आणि बारा वर्षं सासूच्या मागोमाग चालली. तिचे कान साधे होते, तुमच्या-माझ्यासारखे. धुक्यातले बारीक आवाज तिला उमगायचे नाहीत. म्हणून तिनं पायांवर भिस्त ठेवली. रांजणखडीपासून उफराट्यापर्यंत नऊशे चाळीस पावलं. उफराट्यापासून कपारीपर्यंत सहाशे बारा. कुठे खडक तळपायाला खरखरीत लागतो, कुठे गवत ओलं, कुठे माती गार, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. असं म्हणतात, की तिनं ते पठार इतक्या वेळा पावलांनी मोजलं, की झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे. शिंग एक दिवस आपल्या हातात येणार, एवढंच तिला माहीत होतं. दुसरं काही तिनं मागितलंही नव्हतं.

तेराव्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि गोजरा आली.

गोजरा खालच्या मुलखातली, जिथे सगळं लख्ख दिसतं तिथली. बैलावरून उतरून तिनं दारात पाऊल ठेवलं, मान तिरकी केली आणि विचारलं, "इथे दोन नद्या आहेत का हो? एक जाड आवाजाची, एक बारीक?"

सगळे हसले. नदी एकच होती. पण जिवाई हसली नाही. तिनं गोजरानं बोटानं दाखवलेल्या जागी पहार घालायला सांगितली. कमरेइतकं खणल्यावर खडकाखालून पाण्याची धार उसळली, गार आणि गोड. घराच्या दारात झरा. महिन्याभरात सगळी वाडी तिथेच पाणी भरायला लागली आणि त्या जागेला गोजराचं पाणी असं नाव पडलं.

साळूनं बारा वर्षं नदीवरून पाणी वाहिलं होतं. बारा वर्षांत तिच्या नावाचा एक दगडही त्या मुलखात नव्हता.

"साळे," शेजारची कासाई एकदा झऱ्यावर म्हणाली, "बारा वर्षं तू या पाण्याच्या डोक्यावरून घागर घेऊन चालत होतीस की गं."

"पायांना ऐकू येत नसतं, कासाई," दुसरी म्हणाली. "उगीच तिला बोलू नको."

सगळ्या हसल्या. साळूही हसली. हसता हसता तिनं घागरीचा काठ इतका घट्ट धरला की बोटांवर वळ उठले.

त्या दिवसापासून साळूला सगळं दिसायला लागलं. तांबडी गाय गोजराचा हात लागला की पान्हा सोडते. गोजरा हसली की सासू, आत्याबाई, हसतात. कुत्रं साळूच्या हातून भाकरी खातं आणि गोजराच्या दाराशी जाऊन झोपतं. जिवाई रोज दोन वाट्या साय काढून ठेवायची, एक थोरलीला, एक धाकटीला. धाकटीची वाटी साळू मांजरापुढे ठेवायची आणि म्हणायची, "आज दूध पातळ होतं गं."

"असू दे आक्का," गोजरा म्हणायची. "तुमची भाकरीच एवढी मऊ असते."

हेच साळूला सोसत नव्हतं. गोजरा भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती साळूच्या मागे मागे फिरायची, साळूसारखा पदर खोचायला बघायची, साळू भाकरी थापताना कशी बसते ते बघत बसायची. साळू तिला कधी गोड बोलली नाही. वाईटही बोलली नाही. कामापुरतं बोलायची.

मग एका हिवाळ्यात जिवाईनं रांजणखडीपाशी शिंग फुंकलं, वाट पाहिली आणि मागे वळून विचारलं, "उत्तर आलं का गं?"

दोघी सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. कपारीचं उत्तर एवढं खणखणीत आलं होतं की एक बैल बुजला होता. म्हातारीचे कान गेले होते.

जिवाईनं साळूला सांगितलं, की धाकटीला वाटाडीचे नियम शिकव. साळूनं ती गोष्ट खाली मान घालून ऐकली आणि शिकवायला सुरुवात केली. शिंग फुंकल्यावर दहा श्वास होईपर्यंत हलायचं नाही, हे शिकवलं. धुक्यातून ओळखीच्या माणसाचा आवाज आला तरी त्याच्या मागे जायचं नाही, हेही शिकवलं.

"का बरं?" गोजरानं विचारलं.

"चकवा असतो तो. आपल्या माणसाचा आवाज काढतो आणि दरीकडे नेतो."

"मग खरं माणूस कसं ओळखायचं?"

"चकवा गोडच बोलतो. ये गं, बस गं, दमलीस गं. त्याला कडू बोलता येत नाही."

आता तिसरा नियम सांगायचा होता, आणि तो सगळ्यात मोठा. उत्तर आलंच नाही तर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बैल बसवायचे, आपण बसायचं, धुकं विरेपर्यंत, मग दोन दिवस लागोत. साळूनं तोंड उघडलं, तेवढ्यात गोजरानं मान तिरकी केली.

"आक्का, ही सहावी जाऊ ना? वारा तिला घासून येतो, म्हणून असा शीळ घातल्यासारखा वाजतो."

साळूला सहावी जाऊ पाचवीपासून वेगळी ओळखायला तीन वर्षं लागली होती. तेही उन्हात.

"पुढचं उद्या," साळू म्हणाली आणि उठली. तो उद्या काही आला नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा मिठाचा पहिला तांडा तयार झाला. चाळीस माणसं, शंभर बैल आणि तांड्याचा मुख्य धर्मा नाईक. आदल्या दिवशी सकाळी जिवाईनं दोघी सुनांना समोर बसवलं.

"उद्याचा तांडा गोजरा नेईल," ती म्हणाली. "खिंडीपार गेला की शिंग तिचं."

मग तिनं साळूकडे पाहिलं. "शिंगाला कान लागतात, साळू. तू पायांची आहेस. पाय घरालाही लागतात."

"बरं, आत्याबाई," साळू म्हणाली. आत्याबाईंना ऐकू आलं नाही, पण ओठ हललेले दिसले.

त्या दुपारी सरपण आणायला जाते म्हणून साळू निघाली. तिच्या पाठीवर लोकरीचं गाठोडं होतं. रांजणखडीपासून नऊशे चाळीस, उफराट्यापासून सहाशे बारा. कपारीपाशी पोचल्यावर तिनं फटीत लोकर ठासली. लोकरीवर ओलं शेवाळ ठासलं, शेवाळावर चिखल. सगळं पक्कं बसावं म्हणून शेवटी एक सुकी लाकडी पाचर दगडानं ठोकून घातली. मग चार पावलं मागे सरून तिनं हाक दिली, "साळू..."

कपार गप्प राहिली.

बरं झालं, साळूनं मनात म्हटलं. उद्या धाकटी शिंग फुंकेल. उत्तर येणार नाही. ती बसून राहील, नाईक चिडेल, बैल खोळंबतील आणि ती तशीच घरी येईल. मग बघू झऱ्यावर कोण कुणाला हसतं ते. यापलीकडचा विचार तिच्या मनात आला नाही. असं म्हणतात, की हेवा माणसाला फक्त पुढचं एक पाऊल दाखवतो, आणि साळू तर पावलं मोजण्यात पटाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा गळ्यात शिंग अडकवून निघाली. निघताना ती साळूच्या पाया पडली.

"आक्का, माझं काही चुकत असलं तर आत्ताच सांगा."

"तुझं काय चुकणार?" साळू म्हणाली.

घुंगुरमाळा वाजत वाजत धुक्यात गेल्या. साळूनं शेणानं घर सारवलं, दळण दळलं, मांजराला हाकललं. दुपारी जिवाई जेवायला बसली. साळू चुलीपुढे भाकरी थापत होती.

"तिला बसायचं सांगितलंस ना गं?" जिवाईनं विचारलं.

"काय?"

"उत्तर आलं नाही तर बसायचं म्हणून."

साळूचा हात परातीतच थांबला.

जिवाई घास चावत स्वतःशीच हसली. "मीपण काय विचारते. कपार कधी गप्प बसलीय?"

तव्यावरची भाकरी जळली. तिचा वास घरभर झाला. जिवाईनं वर पाहिलं, तेव्हा चुलीपुढे कुणी नव्हतं.

साळू धावत होती. धावताना पावलं मोठी पडतात, त्यामुळे आकडे जुळत नव्हते. पण तळपायांना खडक ठाऊक होता, गवत ठाऊक होतं, गार माती ठाऊक होती. धुकं एवढं दाट होतं की स्वतःचे हात दिसत नव्हते, आणि तरी ती एकदाही अडखळली नाही. उफराट्यापाशी तिचं डोकं भिजलं. वाट फुटते तिथे तिनं ओणवं होऊन चिखल चाचपला. बैलांचे खूर उजवीकडे वळले होते.

ती डावीकडे वर पळाली, कपारीपाशी. पाचर ओढायला लागली. पण आदल्या दिवशीची सुकी पाचर रात्रभर धुकं पिऊन टम्म फुगली होती. ती तसूभरही हलेना. साळूची नखं निघाली.

खाली उजवीकडे घुंगुरमाळा वाजत होत्या. आणि एकेक माळ वाजायची थांबत होती. पुढचे बैल दरीच्या काठाकडे निघाले होते.

साळूनं फटीच्या तोंडाशी उभं राहून छातीतला सगळा श्वास आवाजात घातला. "गोजरे, इकडे ये गं. माझ्या सोन्या, माझ्या लेकरा, इकडे वळ."

पुढचं तांड्यातल्या लोकांनी नंतर सांगितलं. ती हाक सगळ्यांनी ऐकली. धर्मा नाईक म्हणाला, "तुमची थोरली जाऊ बोलावतेय."

गोजराचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही नाईक. कान झाका. आक्का मला कधी सोन्या म्हणत नाहीत. चकवा आहे हा."

आणि ती आवाजापासून दूर, आणखी उजवीकडे चालायला लागली.

वर साळूला माळा विझताना ऐकू येत होत्या. ती जितकं गोड बोलत होती तितक्या त्या लवकर विझत होत्या. मग तिला कळलं. तिनंच तर शिकवलं होतं. या धाकटीनं वर्षभरात आपल्या तोंडून एक मायेचा शब्द ऐकलेला नाही, आणि आज ऐकला तर तिनं तो खरा मानावा तरी कसा?

तिनं डोळे मिटले.

"गोजरे," ती ओरडली, "तुझ्या वाटणीची साय मी वर्षभर मांजराला घातली. दूध पातळ नव्हतं."

खालच्या माळा थांबल्या.

"तरीच," गोजरा धुक्यात म्हणाली, "तरीच ते मांजर एवढं माजलंय."

"चकवा नाही म्हणता?" नाईकानं विचारलं.

"चकव्याला आमचं मांजर काय ठाऊक? वळवा बैल."

माळा परत वाजायला लागल्या. साळूनं त्या ऐकल्या आणि सुटकेनं ती गप्प झाली. ती गप्प झाली तशा माळाही थांबल्या. आवाज नसला तर त्यांना वाट नव्हती. म्हणजे बोलत राहायला हवं होतं, आणि खरं बोलायला हवं होतं.

"तुझं हिरवं लुगडं ठिणगीनं जळलं नाही. मी जाळलं."

माळा वाजल्या.

"झरा लागला त्या दिवशी मला ताप नव्हता. मी गोधडीत तोंड घालून पडले होते. सगळे तुझं नाव घेत होते आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

माळा जवळ आल्या.

"तू हसलीस की आत्याबाई हसतात. मी बारा वर्षं त्यांना हसवायला बघत होते. तुला एका दिवसात जमलं."

चाळीस माणसं मुकाट्यानं चालत होती. एका बाईच्या पोटातलं सगळं धुक्यातून बाहेर येत होतं आणि ते धरून शंभर बैल दरीच्या काठावरून एकेक पाऊल मागे येत होते. साळूला लाजेनं धरणी जागा देईल तर बरं, असं वाटत होतं. पण ती थांबली की माळा थांबायच्या, म्हणून ती थांबली नाही. लहान गोष्टी संपल्या, तेव्हा मोठ्या सांगाव्या लागल्या.

"तिसरा एक नियम आहे. तो मी तुला शिकवला नाही. उत्तर आलं नाही तर बसायचं असतं."

माळा वाजत होत्या.

"आणि कपार मी बुजवली. काल. माझ्या हातांनी."

माळा थांबल्या. साळूनं काहीच केलं नव्हतं, तरी थांबल्या. पठारावर एवढी शांतता पसरली की उफराट्याचं पाणी वर जातानाचा आवाज ऐकू आला.

मग धुक्यातून गोजराचा आवाज आला. "आक्का, बोला. थांबू नका. मला पुढचं वळण कळत नाही."

पण साळूकडे आता सांगायला काही उरलं नव्हतं. सगळं सांगून झालं होतं. उरलं होतं ते एकच वाक्य, ज्याच्यातून बाकीचं सगळं निघालं होतं. ती तेच म्हणायला लागली. "मला तुझा हेवा वाटतो. मला तुझा हेवा वाटतो." असं म्हणतात, की ती ते हजारदा म्हणाली, आणि दर वेळी तिचा आवाज खडकात एक बोट खोल गेला. असं म्हणतात, की शेवटी कपार आतून हादरली, फुगलेली पाचर उडून बाहेर पडली, लोकर आणि शेवाळ ओकल्यासारखं पायथ्याशी पडलं, आणि मग साळूच्या जोडीनं कपारही बोलायला लागली. सात जावांपर्यंत तो आवाज गेला. त्या दिवशी त्या सातही जणींनी पहिल्यांदा मान वळवून एकाच दिशेला पाहिलं, असंही सांगतात. ते कुणी पाहिलं ते मात्र सांगत नाहीत, कारण धुकं होतं.

तांडा कपारीपाशी पोचला तेव्हा एकही माणूस, एकही बैल कमी झालेला नव्हता. पाचर खाली पडली होती. लोकर पडली होती. साळू नव्हती.

कुणी म्हणतं, तोंड दाखवायची लाज वाटून ती खिंडीपार निघून गेली. पण कपारीच्या तोंडाशी, पक्क्या खडकात, दोन पावलं उमटलेली आहेत. त्यांच्या टाचा बाहेर आहेत आणि बोटं आत. एकच जोडी. आत गेलेली. बाहेर आलेली नाही.

गोजरानं फटीला कान लावला. "आक्का, बाहेर या," ती म्हणाली. कपार गप्प. "आक्का, मी रागावले नाही." कपार गप्प. "तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या आहात." कपार पहिल्यापेक्षा गप्प.

नाईक म्हणाला, "चला बाई, बैल थकलेत."

गोजरा हलली नाही. मग हळूच, फक्त फटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला चालताना पाहिलं की मला आत काहीतरी टोचायचं. मला धुक्यात एकटीला भीती वाटते, आक्का. मी ऐकते, कारण मी घाबरलेली असते. तुम्ही कधीच घाबरत नव्हता. मला तुमचा फार हेवा वाटायचा."

आणि कपारीनं उत्तर दिलं. शब्द गोजराचेच होते, पण आवाज थोरलीचा होता, थोडा बसलेला, खूप बोलल्यावर बसतो तसा. "फार हेवा वाटायचा," कपार म्हणाली.

गोजरा तिथेच खाली बसून रडली, मग उठली आणि तांडा खिंडीपार घेऊन गेली.

परत आल्यावर तिनं जिवाईला सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून. म्हातारी वर्षभर त्यावर काहीच बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तांडा निघायच्या दिवशी ती काठी टेकत कपारीपाशी गेली. सगळ्या वाडीसमोर ती फटीला म्हणाली, "साळू, तुझ्यासारखे पाय मला कधी मिळाले नाहीत. मी शिंगाशिवाय दहा पावलं चालू शकत नव्हते आणि तू डोळे मिटून पठार पार करायचीस. ते मला बघवायचं नाही. म्हणून मी तुला कधी शाबास म्हटलं नाही." असं म्हणतात, की कपारीचं उत्तर त्या दिवशी त्या ठार बहिऱ्या म्हातारीनं ऐकलं, आणि मान डोलावली.

तेव्हापासून त्या जागेला बोलकी कपार कुणी म्हणत नाही. साळूची कपार म्हणतात. आणि तेव्हापासून ती कपार लबाडीला उत्तर देत नाही. तिच्यापुढे उभं राहून कितीही गोड हाक घाला, ती गप्प असते.

आजही धुकोळीत मिठाचा पहिला तांडा निघतो त्या दिवशी आधी सगळी माणसं कपारीपाशी जातात. वर्षभरात ज्याला ज्याचा हेवा वाटला असेल, त्यानं त्याला बरोबर न्यायचं, शेजारी उभं करायचं आणि ते मोठ्यानं सांगायचं. जावा जावांना नेतात. भाऊ भावाला नेतो. पोरंसुद्धा जातात. तुझं कोकरू माझ्या कोकरापेक्षा लवकर उभं राहिलं, असं एक पोरगी म्हणते. तुझ्या हाताला चव आहे आणि माझ्या हाताला नाही, असं एक सासू सुनेला म्हणते. तुझा नवरा तुझं ऐकतो, असं एक बाई म्हणते, आणि मागे उभे असलेले सगळे हसतात, दोन्ही नवरे सोडून. कपारीनं शब्द परत दिले की झालं. दोघं उतरतात आणि त्या गोष्टीचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

दर वर्षी कुणीतरी असा निघतोच, जो पुढे होऊन म्हणतो, "मला बाबा कुणाचा हेवा नाही."

कपार गप्प राहते.

मग त्याला तिथेच उभं राहावं लागतं. लोक जरा लांब जाऊन बसतात, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होऊ नये. बैलांच्या पाठीवर मीठ लादलेलं असतं, नाईक खिंडीकडे बघत असतो, दिवस चढत जातो. पण घाई कुणी करत नाही. त्याला आठवेपर्यंत तांडा निघत नाही.